पुढे न ढकलता येणारी गाणी

"तुझं आवडतं गाणं कुठलं?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. गाणी काय, आवडतात, महिनाभर डोक्यात घोळतात आणि मग कधी निघून जातात ते कळतही नाही. पण "तुझे कान कुठल्या अल्बमनी तयार केले?" असं कुणी विचारलं तर मी दोन मिनिटांत यादी देईन आणि वर तासभर पकवेनही. हा प्रश्न आजवर मला कुणी विचारलेला नाही. म्हणून मीच स्वतःला विचारून घेतोय. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगून टाकतो, या बाबतीत माझं एक ठाम मत आहे आणि ते हापिसात कुणालाच पटत नाही. ते असं, की आपली आवड ही आपल्याला आवडणाऱ्या गोष्टींतून तयार होतच नाही. सुरुवातीला जे आवडलेलं नसतं, पण काही ना काही कारणाने ऐकावं लागतं, त्यातून ती तयार होते. आणि ते ऐकायला लावायला कुणीतरी लागतं. हाडामासाचा माणूस लागतो.

हे मत मी जरा अधिकाराने मांडतोय, कारण पोटापाण्यासाठी मी शिफारशीची यंत्रं बनवतो. तुम्ही खरेदीच्या ॲपवर चपला बघता आणि खाली "या चपला बघणाऱ्यांनी हे मोजेही बघितले" असं येतं ना, त्यामागे माझ्यासारखी मुलं बसलेली असतात. आम्ही गाणी विकत नाही, पण गणित भाऊबंदच. तुमच्यासारखे दिसणारे हजार लोक शोधायचे, त्यांना काय आवडलं ते बघायचं आणि ते तुमच्यापुढे सरकवायचं. तुम्ही क्लिक केलंत की यंत्र खूश. नाही केलंत की ती वस्तू परत दाखवायची नाही. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. तिथे नंतर येतो.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. घरात एक टू-इन-वन आणि भिंतीतल्या कपाटात साठ-सत्तर कॅसेट. जगाने तोवर सीडी पण मागे टाकायला घेतली होती, पण आमचे तीर्थरूप बँकेतले. चालू स्थितीतली वस्तू बदलायची नाही हा त्यांचा बाणा. त्यामुळे २००७-०८ साली, वर्गातली पोरं मोबाईलवर गाणी ऐकत होती तेव्हा आमच्याकडे कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड साफ करणं चालू होतं. त्या काळात लोडशेडिंग भयंकर. लाईट गेली की गाणं एकदम बंद नाही व्हायचं, आवाज जाड होत होत, म्हैस बसावी तसा बसायचा. आणि तीन तासांनी लाईट आली की बरोब्बर त्याच अक्षरावरून उठायचा. घरात कुणी जागं असो नसो, भीमसेन आपली तान पूर्ण करणार.

कॅसेटचा एक गुण (किंवा दुर्गुण) आज कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. तिच्यात गाणं पुढे ढकलणं महाग होतं. पैशाने नव्हे, कटकटीने. फॉरवर्डचं बटण दाबायचं, अंदाजाने थांबायचं, पुढे गेलो तर मागे यायचं, एवढ्यात टेप गुंतली तर पेन्सिल घेऊन बसायचं. शिवाय बाबा ओरडणार ते वेगळंच. "अरे, पुढे ढकलू नकोस. ऐक की." एवढंच म्हणायचे. का ऐकायचं, त्यात काय चांगलं आहे, हे कधी सांगितलं नाही. त्यांना ते सांगता आलं असतं असंही नाही. त्यांचं शास्त्रीय संगीताचं ज्ञान म्हणजे रेडिओ आणि गणपतीतल्या मैफली.

त्या कपाटात 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. मला ती अजिबात आवडायची नाही. एक तर शब्द नाहीत. गाणारा माणूस नाही. नुसतं टुणटुण आणि बासरी. दहा वर्षांच्या पोराला त्यात काय कळणार? पण रविवारी सकाळी बाबा दाढी करताना तीच लावायचे, आणि आमचं दोन खोल्यांचं घर. पळून जाणार कुठे? असं मी ती शंभरेक वेळा तरी न ऐकता ऐकली असेन. आणि मग कधीतरी, सातवी-आठवीत, दुसऱ्या कुठेतरी अहीर भैरव वाजताना अचानक लक्षात आलं की पुढे काय येणार हे मला माहीत आहे. कुणी शिकवलं नव्हतं. कान आपले आपणच शिकले होते.

पुढे मोठेपणी त्या रेकॉर्डची गोष्ट कळली तेव्हा थक्क झालो. १९६७ सालची ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तिशीच्या आत-बाहेर. म्हणजे आज आम्ही स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये भांडतो त्या वयाचे. आणि वाद्यं बघा. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मैफलीतलं वाद्य. तारांवर काठीने आघात करायचा, त्यामुळे स्वरावरून स्वरावर घसरत जायची सोय नाही. मींडच निघत नसेल तर यावर राग कसला वाजवणार, असं जाणकार म्हणत होते. काब्रांचं वाद्य तर गिटार! मांडीवर आडवं ठेवून, तारेवर धातूची कांडी सरकवत वाजवलेलं. म्हणजे एक वाद्य ज्याला मींड जमत नाही आणि एक ज्याला मींडेशिवाय करमत नाही, आणि मध्ये बासरी दोघांची समजूत काढतेय. बरं, नुसते राग वाजवले नाहीत. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना धरली. पहाटेला अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्रीकडे देस आणि शेवटी पहाडी. पुन्हा एकदा सांगतो, हे सगळं १९६७ साली. परदेशात रॉकवाले कन्सेप्ट अल्बम या गोष्टीचा गाजावाजा करत होते त्याच सुमारास.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते पुढे आहे. ही रेकॉर्ड केली कुणी? एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी. हे तेच जोशी, ज्यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गायली आणि जिच्यापासून मराठी भावगीताची सुरुवात झाली असं मानतात. मेहकरच्या एका कवीची कविता तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवणारा गायक पुढे कंपनीच्या खुर्चीत बसून तीन तरुण पोरांना म्हणतो, खोऱ्यातला एक दिवस वाजवा. (जोशींचं 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक मिळालं तर सोडू नका.) त्या काळी "तुमच्यासारख्या ग्राहकांना काय आवडतं" हे विचारलं असतं तर उत्तरात संतूर, गिटार, बासरी हे त्रिकूट कधीच आलं नसतं. मुळात तसा ग्राहकच नव्हता. रेकॉर्ड आली आणि मग तो तयार झाला. त्यात दाढी करणारे आमचे बाबा पण आले.

आता हापिसातला आक्षेप. माझा एक सहकारी आहे, हुशार माणूस, त्याचं म्हणणं असं की अल्बम हा काही वेदात सांगितलेला प्रकार नाही. तो तंत्रज्ञानाचा अपघात आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग बसवला. १९४८ मध्ये एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली, म्हणून अल्बम आला. आता मर्यादाच नाही, तर अल्बमचा हट्ट कशाला? फ्लॉपी गेली म्हणून कुणी रडतं का?

मुद्दा बिनतोड आहे हे मान्य. पण मर्यादा तंत्रज्ञानाने घातली असली तरी तिच्यात राहून लोकांनी काहीतरी रचलं ना! साडेतीन चरणांची ओवी काय आकाशातून पडली होती? तिच्यात नऊ हजार ओव्या लिहिणारा निघालाच की. आणि ज्याला तो "मर्यादा नाही" म्हणतो तिथे मर्यादा आहेच, फक्त दिसत नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं म्हणून मोजलं जातं. त्याच्या आत तुम्ही पुढे गेलात की गाणाऱ्याच्या हाती भोपळा. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या पहिल्या तीस सेकंदांत काय होतं? पहाट व्हायला लागते, बस. पहाटेला घाई नसते. असं आज कुणी नव्याने करू गेला तर त्याला पहिल्यांदा हेच सांगतील की बाबा रे, सुरुवातीलाच काहीतरी दणदणीत टाक.

'गारवा'बद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहून लिहून लोकांनी पाऊस बदनाम केलाय. १९९८ चा अल्बम, म्हणजे माझ्याहून वर्षभराने लहान. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, सौमित्रचे शब्द आणि गाण्याआधी सौमित्रनेच वाचलेल्या कविता. ('फँड्री'तला बाप बघून "हा तोच का?" असं वाटलेले माझ्यासारखे बरेच असतील.) मोबाईलच्या दुकानात दोन जीबीचं कार्ड भरून द्यायचे तेव्हा आमच्या वर्गातले सगळे ती कविता पुढे ढकलून थेट गाण्यावर यायचे. मला ते जमायचं नाही. कॅसेटवर कवितेनंतरच गाणं यायचं, त्यामुळे कवितेशिवाय ते गाणं मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. अजूनही.

आणि कुमार गंधर्व. निर्गुणी भजनांची कॅसेट बाबा क्वचित लावायचे, कारण आईला ती लागायची नाही. "हे काय मध्येच तोडून तोडून गातात" असं ती म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. एक स्वर एकदम अंगावर येतो, मग शांतता, मग परत. बाबा एकदाच म्हणाले, "क्षयाने एक फुफ्फुस गेलेला माणूस आहे तो. त्याला विचार, श्वास किती महाग असतो ते." बस, एवढंच. देवासला ते अंथरुणावर पडून होते, गाण्याची बंदी होती, आणि त्या वर्षांत खिडकीबाहेरून माळव्याची लोकगीतं आणि नाथपंथी जोग्यांची भजनं कानावर पडत होती, हे सगळं मी पुष्कळ नंतर वाचलं. पण त्या एका वाक्यानंतर मी ती मधली शांतता ऐकायला लागलो. मला वाटतं गाणं ऐकणं म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. हे एवढं काम कुठलाही "तुमच्यासाठी खास" करू शकलेला नाही. त्याला माहिती कमी आहे असं नाही हो. माझ्याबद्दल त्याला बाबांपेक्षा जास्त माहिती आहे. पण मी तोंड वाकडं केलं की तो लगेच दुसरं काहीतरी काढून देतो. बाबांनी तोंडाकडे बघितलंच नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की हा कॅसेटच्या नावाने गळे काढणार. थांबा जरा. आता दुसरी बाजू.

ते साठ-सत्तर कॅसेटचं कपाट मी आता इंजिनिअरच्या नजरेने बघतो तेव्हा दिसतं की तेही शिफारशीचं यंत्रच होतं. त्यात 'अभंग तुकयाचे' होतं, 'राम श्याम गुणगान' होतं, गीतरामायण होतं, नाट्यसंगीत होतं, गझला होत्या. प्रल्हाद शिंदे नव्हते. विठ्ठल उमप नव्हते. भीमगीतांची एकही कॅसेट नव्हती. सोलापुरात राहून! चौदा एप्रिलला आमच्या घरापासून दोनशे मीटरवर रात्रभर ती गाणी वाजायची, तालमीच्या गणपतीपुढे वाजायची, रिक्षात वाजायची, एसटी स्टँडवरच्या टपरीत रचलेली असायची. घरात मात्र नाही. कुणी बंदी घातली नव्हती. बाबांना ती वाईट वाटायची असंही मी ऐकलेलं नाही. फक्त बँकेतले मित्र, नात्यातली माणसं, गल्लीतले शेजारी, म्हणजे "आपल्यासारखे लोक" जे विकत घेत होते तेच आमच्याकडे येत होतं. गणित तेच. माणसं बघून गाणी सरकवायची. फरक एवढाच की आमचं यंत्र हजारोंच्या ऐवजी वीस माणसांवर चालत होतं आणि ती वीसही एकाच जातकुळीची.

आणि ज्या कॅसेटच्या नावाने आपण हळवे होतो तिनेच खरं तर ही कुंपणं तोडायला सुरुवात केली होती. रेकॉर्ड प्लेअर परवडणारी घरं किती होती? ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या आणि एचएमव्हीच्या दारात कधी उभंही न केलेले गायक घराघरांत पोचले. आनंद शिंदेंचा पोपट त्याच दशकात महाराष्ट्रभर उडाला. ज्यांना वाटतं की पूर्वी लोक दर्जेदार ऐकायचे आणि आता सगळा कचरा झालाय, त्यांनी हे पण लक्षात घ्यावं की दर्जाच्या चाळणीत कोण अडकत होतं. आज पंढरपूरजवळच्या खेड्यातला एखादा शाहीर मोबाईल समोर ठेवून गातो आणि ते मी बाणेरमध्ये बसून ऐकतो. हे मला परत घालवायचं नाही.

प्रल्हाद शिंदे मला मिळाले ते पुण्याला, हॉस्टेलवर. रूममेट परभणीकडचा. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये एक फोल्डर होतं, नाव नुसतं 'दादा'. त्यात विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या, भीमगीतं, सगळं एकाच गळ्यातलं. मी दोन गाणी ऐकून लॅपटॉपकडे हात नेला तर हा म्हणतो, "पुरं ऐक न राव. तुझ्या त्या घड्याळवाल्याचं मी ऐकलं का नाही?" घड्याळवाले म्हणजे पिंक फ्लॉईड. तर झालं, ऐकलं पूर्ण. काय आवाज आहे! तो वरच्या पट्टीत जातो तेव्हा चढत नाही, आधीपासून तिथेच उभा असल्यासारखा असतो. विठ्ठलाला हाक मारणारा आणि भीमरायाचं गाणारा गळा एकच आहे आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगती वाटत नाही, हे ऐकूनच कळतं, समजावून कळत नाही. शिंदे २००४ मध्ये गेले. मी तेव्हा सात वर्षांचा, ते आमच्याच गावात चौकाचौकांत वाजत होते आणि मला पोचायला पुण्याचा आणि परभणीचा वळसा पडला.

घड्याळवाल्यांबद्दल आता सांगायलाच हवं. इंजिनिअरिंग कॉलेजात 'द डार्क साईड ऑफ द मून'चा टी-शर्ट घालणारे शंभर आणि अल्बम सलग ऐकलेले पाच, अशी आमच्या वेळची परिस्थिती. (टी-शर्ट मीही घेतला होता, हाँगकाँग लेनमधून.) १९७३ चा अल्बम. घड्याळांचा जो प्रसिद्ध कल्लोळ आहे तो ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपलेला. पण माझी त्याच्याशी खरी ओळख एका तांत्रिक वैतागातून झाली. या अल्बमची गाणी एकमेकांत मिसळतात, मध्ये फट नाही. आणि आमच्याकडे एमपीथ्री. एमपीथ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडतं, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा एक तुकडा. गाण्याची लांबी त्या मापात नेमकी बसली नाही तर शेवटी शांतता भरली जाते, सुरुवातीलाही थोडी भर पडते. एरवी कळत नाही. पण इथे दोन गाण्यांच्या सांध्यावर बारीक उचकी लागते. मला ती उचकी इतकी बोचायची की मी एक रात्र जागून सगळी गाणी जोडून एकच सलग फाईल बनवली. जोडता जोडता तो अल्बम दहा वेळा ऐकला गेला. नंतर त्यातली गाणी सुटी ऐकवेनात.

त्यातच 'मनी' नावाचं गाणं आहे, पैशावरचं. सात मात्रांचं. हॉस्टेलवर सगळे मान हलवायचे आणि चुकायचे, कारण सवय चाराची. माझं मात्र चुकायचं नाही. लहानपणी घरात रूपक ताल भजनांतून, भावगीतांतून इतका कानावर पडलेला की सात मोजायला लागायचेच नाहीत. (ठेका रूपकाचा नव्हे, तबलेवाल्यांनी मारायला धावू नये. पण सातचं चक्र ते सातचंच.) मग गिटारचा सोलो येतो तिथे ते चारात जातात आणि सगळी जनता सुटकेचा श्वास टाकते. सोलापूरचं कपाट लंडनच्या स्टुडिओत असं उपयोगी पडलं.

तिसरा हॉस्टेलचा अल्बम म्हणजे इंडियन ओशनचा 'कंदिसा', २००० सालचा. मोजून सात गाणी. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरचं, भाषा अरामाईक. 'मा रेवा' नर्मदेच्या काठचं लोकगीत. राहुल राम यांनी अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरण-विषशास्त्रात पीएचडी केली, परत येऊन नर्मदा आंदोलनात काम केलं आणि मग हातात बास गिटार घेतलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात, सगळे जीआरई-कॅटच्या पुस्तकात डोकं घालून बसलेले असताना ही माहिती मिळणं धोकादायक होतं. असीम चक्रवर्ती बसून तबला वाजवता वाजवता गायचे. ते डिसेंबर २००९ मध्ये गेले. मला हा बँड सापडला तेव्हा तो आवाज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. एकही शब्द कळत नसताना गाणं पोटात जाऊन बसतं हे मी 'कंदिसा'वर शिकलो असं म्हणणार होतो, पण नाही, ते 'कॉल ऑफ द व्हॅली'ने आधीच करून ठेवलेलं होतं. इथे फक्त त्याचा उपयोग झाला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हॉस्टेलमधली हार्ड डिस्क फिरणं वर्षभरात थांबलं. सगळ्यांना सगळं मिळायला लागलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफायही आलं. तेव्हापासून मी भरपूर नवीन गाणी ऐकलीत, मोजलं तर आधीच्या वीस वर्षांपेक्षा जास्त. आणि तरीही वरच्या यादीत त्यानंतरचा एकही अल्बम नाही. माझं वय झालं म्हणून असेल का? असेल, थोडंसं. तरुणपणी ऐकलेलं चिकटतं म्हणतात. पण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान पोरं टीममध्ये आहेत, त्यांना विचारलं की कुठला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलात, तर त्यांना प्रश्नच नीट कळत नाही. एकीने मला तिची प्लेलिस्ट दाखवली. सुंदर होती. एकही गाणं खटकत नव्हतं. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

आमच्या धंद्यात यावर उपाय आहे म्हणतात. शंभरातल्या पाच वेळा जाणूनबुजून अनोळखी वस्तू दाखवायची, ग्राहक काय करतो ते बघायचं. आम्हीही करतो. पण त्या पाचांतली वस्तू तुम्ही नाकारलीत की यंत्र ते मुकाट्याने ऐकून घेतं. ते तुमच्याशी वाद घालत नाही. "पुरं ऐक न राव" म्हणत नाही. म्हणूही नये खरं तर, चपला विकताना असं केलं तर माझी नोकरी जाईल. कुमारांची कॅसेट आठ-दहा वेळा नावडल्यानंतर आवडली. माझ्या यंत्राने पहिल्याच वेळेला ती कायमची काढून टाकली असती, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच ठरलं असतं.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही हापिसात सहा जणांनी एक साधा प्रकार चालू केलाय. शुक्रवारी एकाने एक अल्बम द्यायचा. बाकीच्यांनी सोमवारपर्यंत सलग दोनदा ऐकायचा, शफल नाही, स्किप नाही. आवडायची सक्ती नाही, ऐकायची आहे. कुणी किती प्रामाणिकपणे करतं देव जाणे. माझ्या पाळीला मी प्रल्हाद शिंदे दिले, तर आमच्या तमिळ सहकाऱ्याने मंगळवारी येऊन विचारलं की तो टाळ कुठल्या तालात चाललाय. त्याच्या पाळीला त्याने इळयराजांचा १९८६ सालचा 'हाऊ टू नेम इट' दिलाय. त्यागराज आणि बाख या दोघांना वाहिलेला, सगळा व्हायोलिनचा मेळा. काल एकदा झाला. पहिल्या दोन तुकड्यांत जरा कुठे सूर लागतोय असं वाटेपर्यंत पुढचा सगळा डोक्यावरून गेला. दुसरी फेरी आज रात्री.